रुकर्सची सही : अँटवर्पच्या एका जुन्या वाद्याची फेरविक्री, फेरजोडणी आणि फसवणूक

जानेवारी १६३८. इंग्लंडचा राजा पहिला चार्ल्स याचा ब्रसेल्समधील प्रतिनिधी बाल्थाझर गर्बिये लंडनला एका वाद्याबद्दल पत्र लिहितो. वाद्य अँटवर्पच्या योहानेस रुकर्सने घडवलेले आहे. पट्ट्यांच्या दोन ओळी आहेत. मुळात ते स्पॅनिश नेदरलँड्सची राज्यकर्ती इन्फान्टा इसाबेला हिच्यासाठी तयार झाले होते, पण ती १६३३ मध्ये वारली. झाकणाच्या आतल्या बाजूस तिच्या उपवनाचे चित्र आहे, आणि वादक बसतो त्या बाजूच्या फळीवर क्युपिड आणि सायकी यांचे चित्र आहे, तेही साक्षात रुबेन्सच्या हातचे. किंमत ३० पौंड. चित्रांविना साधे वाद्य हवे असेल तर १५ पौंड.

सौदा झाला, वाद्य समुद्र ओलांडून गेले. जुलैमध्ये राजाचा सचिव फ्रान्सिस विंडबँक याची तक्रार आली : उजव्या हाताकडच्या सहा-सात पट्ट्या कमी आहेत, वाद्य उपयोगाचे नाही, बदलून द्यावे. गर्बियेने कारागिराकडे विचारणा केली. उत्तर मिळाले की विकायला दुसरे वाद्य शिल्लक नाही, आणि यात बदल करता येणार नाही.

हे शेवटचे वाक्य ध्यानात ठेवावे. पुढची दीडशे वर्षे युरोपातील अनेक उत्तम कारागिरांनी आपली हयात याच वाक्याला खोटे ठरवण्यात घालवली.

हे वाद्य म्हणजे हार्पसिकॉर्ड. दिसायला पियानोचा पूर्वज. स्वभावाने मात्र तो सतार-तंबोऱ्याच्या कुळाला अधिक जवळचा. पियानोत हातोडी तारेवर आघात करते. हार्पसिकॉर्डमध्ये तार छेडली जाते. पट्टी दाबली की तिच्या मागच्या टोकावर उभी असलेली लाकडाची बारीक पट्टिका, म्हणजे जॅक, वर उचलली जाते. तिच्यात बसवलेली पक्ष्याच्या पिसाच्या देठाची नखी तारेला छेडून पुढे जाते. पट्टी सोडली की जॅक खाली येतो. नखी एका छोट्या हलत्या जिभेवर बसवलेली असल्याने परतताना ती मागे कलते आणि तार पुन्हा छेडली न जाता नखी खाली सरकते. लगेच कापडाचा तुकडा तारेवर टेकून नाद थांबवतो. ती जीभ पुन्हा जागेवर आणण्यासाठी रानडुकराचा एक राठ केस स्प्रिंगचे काम करतो. बोट हळू पडो वा जोरात, तारेला मिळणारा झटका जवळपास सारखाच. म्हणून या वाद्यात लहान-मोठा आवाज बोटांनी काढता येत नाही. जे काही सौंदर्य आहे ते नादाच्या जातीत आणि वादकाने साधलेल्या कालाच्या खेळात.

आणि नादाची जात ठरते तबलीवर. तंबोऱ्याच्या भोपळ्यावर जी लाकडी तबली असते, तिचेच काम येथे स्प्रूसची पातळ फळी करते.

अँटवर्पमध्ये या वाद्याचे कारागीर आरंभी चित्रकारांच्या संघात, सेंट ल्यूकच्या गिल्डमध्ये, चित्रकार म्हणूनच नोंदले जात. १५५७ मध्ये दहा जणांनी अर्ज केला की आम्हाला वाद्यकार म्हणून प्रवेश द्यावा. पुढच्या वर्षी नियम झाले. त्यांतला एक फार महत्त्वाचा : प्रत्येक कारागिराने आपल्या वाद्यावर स्वतःची खूण करावी. ग्राहकाची फसवणूक टळावी, हा हेतू. याच खुणेने पुढे काय उद्योग केले ते येईलच.

हान्स रुकर्स १५७९ मध्ये या गिल्डचा सदस्य झाला. तीन वर्षांपूर्वीच, १५७६ मध्ये, पगार थकलेल्या स्पॅनिश सैन्याने अँटवर्प लुटून जाळले होते. १५८५ मध्ये शहर पडले आणि शेल्ट नदीचा व्यापारी मार्ग बंद झाला. एका वैभवशाली बंदराचा असा ऱ्हास चालू असताना त्याच गावातील एका कुटुंबाचे नाव मात्र युरोपभर होत गेले. हान्सनंतर त्याचे मुलगे योहानेस आणि आंद्रेआस, मग आंद्रेआसचा त्याच नावाचा मुलगा, आणि हान्सचा नातू योहानेस कूशे. साधारण पाऊण शतक, तीन पिढ्या. त्यांची वाद्ये किती दूर गेली याचा एक पुरावा न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. हान्सने १५८१ मध्ये बनवलेले एक व्हर्जिनल (हार्पसिकॉर्डचे लहान, पेटीसारखे भावंड), ज्यावर स्पेनचा राजा दुसरा फिलिप आणि राणी अ‍ॅना यांची पदके आहेत, ते विसाव्या शतकाच्या आरंभी पेरूमध्ये, कुस्कोजवळच्या एका जमीनदारीच्या प्रार्थनागृहात सापडले.

रुकर्सच्या वाद्यात असे काय होते?

त्या काळच्या इटालियन हार्पसिकॉर्डची पेटी अतिशय पातळ लाकडाची असे. तारा आखूड आणि बहुधा पितळेच्या. आवाज झटकन उमटे आणि झटकन विरे. साथीला उत्तम. रुकर्सने पॉपलरच्या जाड फळ्यांची भक्कम पेटी घेतली आणि वरच्या स्वरांच्या लोखंडी तारा लांब ठेवल्या. मध्य सप्तकाच्या वरच्या ‘सी’ची तार सुमारे ३५.५ सेंटिमीटर. लोखंडी तार तुटण्याच्या मर्यादेच्या थोडीच अलीकडे ताणली की तिचा नाद शुद्ध आणि टिकाऊ होतो. खर्जाकडे मात्र पितळेच्या तारा. तबली सगळीकडे सारख्या जाडीची नव्हे, कडांकडे पातळ होत जाणारी, म्हणजे कंप पावायला मोकळी. परिणाम असा की छेडण्याचा क्षण स्पष्ट ऐकू येतो, आणि त्यामागून भरघोस, लांबणारा स्वर येतो. चार आवाजांची गुंतागुंतीची रचना वाजवली तरी प्रत्येक ओळ वेगळी ओळखू येते. एकाच वाद्यात स्पष्टता आणि भरीवपणा दोन्ही मिळणे दुर्मिळ. तेच रुकर्सचे गुपित मानले गेले.

सजावटीत मात्र काटकसर होती. आतून महागड्या नक्षीऐवजी ठशांनी छापलेला कागद चिकटवलेला. त्यावर सागरी प्राण्यांच्या वेलबुट्ट्या आणि झाकणावर ठसठशीत लॅटिन वचने. वर्मीरच्या ‘संगीताचा पाठ’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रात असेच एक व्हर्जिनल दिसते. त्यावरील वचनाचा आशय असा की संगीत आनंदाची सोबत करते आणि दुःखावर औषध ठरते. तबलीवर फुले, फुलपाखरे, पक्षी, कधी चक्क कोळंबी रंगवलेली. आणि तबलीतल्या गोल छिद्रात धातूची ओतीव, सोनेरी मुलामा दिलेली चकती : वाद्य वाजवणारा देवदूत आणि दोन अक्षरे. एच-आर म्हणजे हान्स, आय-आर म्हणजे योहानेस, ए-आर म्हणजे आंद्रेआस, आय-सी म्हणजे कूशे. गिल्डने मागितलेली खूण ती हीच.

आता दोन ओळींचे कोडे. आज दोन ओळींचा हार्पसिकॉर्ड दिसला की वाटते, एक ओळ जोरकस आवाजासाठी, दुसरी हलक्यासाठी. रुकर्सच्या दोन ओळींचा हेतू मुळीच तो नव्हता. खालच्या ओळीवर ‘सा’ची पट्टी दाबली तर मंद्र ‘प’ वाजे! दोन्ही ओळी त्याच तारा छेडत, फक्त पट्ट्या सरकवलेल्या. गायकाची पट्टी बदलली की आपल्याकडे पेटीवाला काळी एकवरून पांढरी पाचवर जातो आणि बोटांचा हिशोब मनातल्या मनात बदलतो. अँटवर्पच्या वादकाने हिशोब बदलण्याऐवजी ओळच बदलली. १७३९ मध्ये डच संगीतज्ञ क्विरिन फान ब्लांकेनबुर्ख याला याचे हसू आले. पूर्वीच्या लोकांना पट्टी बदलून वाजवण्याचा सराव एवढा कमी होता की त्यासाठी त्यांनी आख्खी दुसरी ओळ बसवून घेतली, असा त्याच्या लिहिण्याचा आशय आहे. (याच गृहस्थाने मधोमध छेडल्या जाणाऱ्या व्हर्जिनलच्या खर्जाला डुकराच्या पिलांच्या गुरगुरण्याची उपमा दिली आहे, तेव्हा त्याच्या जिभेचा अंदाज यावा.)

एका ओळीच्या नेहमीच्या वाद्यात पट्ट्या ४५, सप्तके चार. खालच्या सप्तकातील क्वचित लागणारे स्वर वगळून जागा वाचवलेली. सतराव्या शतकाच्या पूर्वार्धातील संगीताला एवढे पुरेसे होते. मग संगीत बदलले. फ्रान्समध्ये कूपराँ आला, पुढे रामो आला. खर्ज खाली गेला, तार सप्तक वर चढले, वगळलेले स्वर हवेसे झाले, दोन ओळींमध्ये विरोधी रंग हवेसे झाले. रुकर्स कुटुंबाचे दुकान तोवर मिटले होते. वाद्य जुने, अपुरे, गैरसोयीचे. व्यवहाराच्या साध्या नियमाने ते अडगळीत जायला हवे होते.

झाले उलटे. अठराव्या शतकातील पॅरिसमध्ये जुन्या रुकर्सला नव्या कोऱ्या वाद्याहून अधिक मान आणि अधिक दाम मिळू लागले. कारण तबली. लोकांची खात्री होती की तो नाद दुसऱ्या कोणाला साधत नाही. तेव्हा तबली ठेवायची आणि बाकीचे वाद्य काळाप्रमाणे करून घ्यायचे. या कामाला फ्रेंचमध्ये नाव होते ‘रावालमाँ’. लहान रावालमाँमध्ये पेटी तीच राही. पट्ट्या किंचित अरुंद करून अधिक बसवत, दोन ओळी एका सुरात आणत. मोठ्या रावालमाँमध्ये पेटीच कापत. बाजूची फळी काढून रुंदी वाढवायची, तबलीला कडेने नवे लाकूड जोडायचे, घोड्या लांबवायच्या, खुंट्यांचा ठोकळा नवा, पट्ट्या नव्या, जॅक नवे, तारांचे आणखी एक संच. शेवटी जोड दिसू नयेत म्हणून तबलीवरची फुले पुढे रंगवत न्यायची. ४५ पट्ट्यांचे वाद्य ६१ पट्ट्यांचे, पाच सप्तकांचे होई.

पास्काल तास्कँ या कामाचा उस्ताद. जन्म लिएजजवळच्या थ गावी, १७२३ मध्ये. पॅरिसला ब्लांशे या नामांकित कारागिराकडे काम करू लागला. १७६६ मध्ये मालक वारला, त्याच वर्षी मालकाच्या विधवेशी लग्न करून कारखाना त्याच्याकडे आला. आंद्रेआस रुकर्सचे १६४६ चे एक वाद्य त्याने १७८० मध्ये असे वाढवले. ते पॅरिसच्या संगीत संग्रहालयात आहे. पिसाच्या नख्यांच्या जोडीला त्याने म्हशीच्या मऊ कातड्याच्या नख्यांचा संच आणला, गुडघ्याने दाबायच्या दांड्या बसवल्या. गर्बियेला मिळालेले ‘बदल करता येणार नाही’ हे उत्तर तास्कँने ऐकले असते तर तो नक्कीच हसला असता.

येथे थोडे थांबून पाहावे लागते. असे वाद्य समोर आले, तर त्यातील किती भाग १६४६ चा? तबलीचा मधला तुकडा, पेटीच्या काही फळ्या, ती सोनेरी चकती. उरलेले सारे पॅरिसचे, १७८० चे. तरी विकताना नाव रुकर्सचे. आणि ऐकणाऱ्यांना ते खोटे वाटत नव्हते, कारण नाद खरोखर अपूर्व होता.

अशा बाजारात पुढची पायरी कोणती, हे सांगायला नको. जुन्या वाद्यात रुकर्सचे लाकूड थोडेसे असले तरी भाव चढतो. मग मुळीच नसले तर? पॅरिसमध्ये फ्लेमिश चेहरा असलेली नवी वाद्ये ‘सापडू’ लागली. तबलीवर अँटवर्पची फुले, झाकणावर जुनी तारीख, छिद्रात ओळखीची चकती. एडिनबर्ग विद्यापीठाच्या संग्रहातील एक वाद्य याचा उत्तम नमुना आहे. ते १७६४ मध्ये पॅरिसच्याच जाँ गोएरमान्सने बनवले. त्याच्या चकतीवर त्याची अक्षरे होती आय-जी. १७८३-८४ च्या सुमारास ते तास्कँच्या हाती आले, आणि ते कूशेचे वाटावे असे केले गेले. रोमन लिपीतल्या ‘जी’चा ‘सी’ करायला कितीसे कष्ट? मधली छोटी दांडी काढली की झाले. ग्राहकाची फसवणूक टळावी म्हणून गिल्डने आणलेली खूणच फसवणुकीचे हत्यार झाली.

तास्कँला ठक म्हणावे का? तो स्वतः युरोपातील सर्वश्रेष्ठ कारागिरांपैकी एक होता. त्याच्या नावाने केलेली वाद्ये आज आदर्श मानली जातात. त्याला परक्या नावाची गरज का पडली, याचे उत्तर त्याच्यात नव्हे, ग्राहकांत शोधावे लागते. ज्यांना नाव ऐकून नाद ऐकू येतो, त्यांना नाव विकले जाते. मात्र याची किंमत नंतरच्या इतिहासकारांनी मोजली. ‘रुकर्स’ म्हणून मिरवणारे प्रत्येक वाद्य उकलून पाहिल्याशिवाय त्याच्याबद्दल एक वाक्यही खात्रीने लिहिता येईना.

इंग्लंडात हेच नाव दुसऱ्या मार्गाने चालले. हेंडेलने १७५० च्या मृत्युपत्रात आपला मोठा हार्पसिकॉर्ड जॉन क्रिस्टोफर स्मिथ याला दिला. तो रुकर्सचा होता असे सांगितले जाई. आणि मग एक नव्हे, दोन वाद्ये त्या मानाची दावेदार झाली : राजघराण्याच्या संग्रहातील १६१२ चे आणि व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील १६५१ चे.

मग पियानो आला. फ्रेंच राज्यक्रांतीत पळून गेलेल्या किंवा दोषी ठरलेल्या सरदारांच्या घरांतून वाद्ये जप्त झाली. ब्रुनी नावाच्या संगीतकाराने त्यांची यादी केली आणि तीत हार्पसिकॉर्डही पुष्कळ आहेत. जप्त केलेल्या वाद्यांपैकी बरीच पॅरिसच्या संगीत विद्यालयात पडून होती आणि १८१६ च्या कडाक्याच्या थंडीत जळण म्हणून वापरली गेली, असे सांगतात. दंतकथेचा अंश सोडला तरी एवढे खरे की एका पिढीत हे वाद्य घरातून अडगळीच्या खोलीत गेले. आज रुकर्स कुटुंबाची शंभराहून थोडी अधिक वाद्ये जगात उरली आहेत.

विसाव्या शतकात पुनरुज्जीवन झाले, तेव्हा आरंभी पियानोच्या कारखान्यांनी पियानोच्या पद्धतीचे हार्पसिकॉर्ड केले. वांडा लांडोव्स्कासाठी प्लेयेल कंपनीने १९१२ मध्ये घडवलेले वाद्य प्रचंड आणि वजनदार होते. ती थोर वादक. पण त्या वाद्याची तबली जुन्या तबलीसारखी मोकळी कंपणारी नव्हती. दुसऱ्या महायुद्धानंतर बोस्टनमध्ये फ्रँक हबर्ड आणि विल्यम डाउड यांनी, तर ब्रेमेनमध्ये मार्टिन स्कोव्रोनेक याने वेगळा रस्ता धरला : जुनी वाद्ये मोजायची आणि तशीच करायची. हबर्डचे या कलेच्या इतिहासावरील पुस्तक १९६५ मध्ये आले. पुढे ग्रँट ओब्रायन याने १९९० च्या ग्रंथात रुकर्स परंपरेचा बारकाईने अभ्यास मांडला. कारागिरांनी आत लिहिलेले वाद्यांचे क्रमांक, कागदांचे ठसे, चकत्यांचे साचे, तारांच्या लांब्या यांच्या आधारे खरे आणि बनावट वेगळे करता येऊ लागले. लाकडातील वर्षवलये मोजून झाड कोणत्या काळचे हेही कळते.

गंमत अशी की आज बाजारात ‘फ्लेमिश’ म्हणून जे दोन ओळींचे हार्पसिकॉर्ड नवे किंवा जुने विकले जातात, त्यांतले बहुतेक रुकर्सने कधीच न बनवलेल्या नमुन्याचे असतात. दोन्ही ओळी एका सुरात, जवळपास पाच सप्तके, तारांचे तीन संच. म्हणजे नक्कल आहे ती पॅरिसमध्ये वाढवलेल्या रुकर्सची. त्यावर बाख वाजवता येतो, कूपराँ वाजवता येतो. म्हणून तोच नमुना खपतो. साठ-सत्तरच्या दशकांतील अशा नकला, काही तर घरी जोडायच्या संचांतून झालेल्या, आता स्वतःच पन्नाशी ओलांडून फेरविक्रीला येतात. घेणारा जाणकार पाहतो त्या गोष्टी तास्कँही पाहत असावा : तबलीला चीर आहे का, ती बसली आहे का, तारांच्या ताणाने पेटी पिळली आहे का, घोडी सुटली आहे का. नख्या, जॅक, तारा बदलता येतात. पिसाऐवजी प्लास्टिकची नखी असली तर चाकूने कोरून तिचा आवाज सुधारता येतो. तंबोऱ्याची जवारी काढण्याइतकेच ते कानाचे काम आहे. पेटी पिळली की मात्र उपाय कठीण आणि खर्चिक.

कोलमारच्या संग्रहालयात योहानेस रुकर्सचे १६२४ चे वाद्य आहे. फ्रान्समध्ये तेही वाढवले गेले. आजही ते वाजते आणि त्याचे ध्वनिमुद्रण ऐकता येते. वाढवले नसते तर ते टिकले असते का, हा प्रश्न सोपा नाही. ज्या वाद्यांना कोणी हात लावला नाही त्यांतली बहुतेक निरुपयोगी ठरून नाहीशी झाली. करवतीने अनेकांचे मूळ रूप पुसले आणि त्याच करवतीने त्यांना वाचवले.

दोन ओळींच्या रुकर्समध्ये जवळजवळ प्रत्येकाच्या ओळी नंतर कोणीतरी एका सुरात आणल्या. जुनी सरकलेली रचना टिकून राहिली ती एडिनबर्गच्याच संग्रहातील योहानेस रुकर्सच्या एका वाद्यात. ‘जी’चा ‘सी’ झालेले वाद्यही त्याच संग्रहात आहे. रुकर्सच्या त्या वाद्यावर साल आहे १६३८, लंडनहून पट्ट्या कमी असल्याची तक्रार आली तेच. त्याच्या खालच्या ओळीवरचा ‘सा’ आजही वरच्या ओळीवरच्या मंद्र ‘प’चीच तार छेडण्यासाठी मांडलेला आहे.